बाइंडिंगला टाकण्याआधी

मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, गणेशखिंड, पुणे.

सिंगापूरच्या बुकित तिमाह भागात जुन्या रॅफल्स कॉलेजच्या इमारती अजून दिमाखात उभ्या आहेत. ऑक्टोबर १९४९मध्ये हे कॉलेज आणि किंग एडवर्ड वैद्यकीय महाविद्यालय एकत्र करून मलाया विद्यापीठ स्थापन झाले. आजच्या नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरचे, म्हणजे एनयूएसचे, मूळ तिथे आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, बॅ. मुकुंदराव जयकर कुलगुरू असताना, आपले विद्यापीठ सुरू झाले. म्हणजे पुणे आठ महिन्यांनी मोठे. त्या मोठेपणाचा मान राखूनच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाबद्दल हे पत्र लिहिले आहे.

पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतल्या आपल्या संलग्न महाविद्यालयांत बी.ई.चा प्रोजेक्ट कसा होतो, हे तिथून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारावे. जुलैत चौघांचा ग्रुप जमतो. दोन दिवसांत टायटल द्यायचे असते म्हणून कुणीतरी आयईईईचा एक पेपर उतरवून घेतो आणि त्याच्या नावापुढे ‘स्मार्ट’ किंवा ‘आयओटी बेस्ड’ लावले जाते. सिनॉप्सिसवर गाईडची सही होते. बुधवार पेठेतून सेन्सर आणि बोर्ड येतात. मार्चपर्यंत मॉडेल चालू होण्याची वाट बघितली जाते आणि मग शेवटच्या पंधरवड्यात, सबमिशनच्या धामधुमीत, सिनियरच्या रिपोर्टची वर्ड फाइल उघडून नवा रिपोर्ट भरला जातो. लिटरेचर सर्व्हे सगळ्यात शेवटी लिहिला जातो. जे काम पहिल्याने करायचे, ते बाइंडिंगवाल्याकडे जाण्याच्या आदल्या रात्री. त्यानंतर एक्स्टर्नल येतात, पाने चाळतात आणि विचारतात, “यात तुमचं काय?” चौघे एकमेकांकडे बघतात.

यात दोष मुलांचा कमी आहे. प्रश्न कसा शोधायचा, त्याचा आराखडा कसा मांडायचा आणि सापडले ते कसे लिहायचे, हे त्यांना आधीच्या तीन वर्षांत नीट बसून कुणी शिकवलेले नसते. २०१९च्या अभ्यासक्रमात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला ‘सेमिनार अँड टेक्निकल कम्युनिकेशन’ आहे, हे मान्य. पण बहुतेक ठिकाणी तो स्लाइड वाचून दाखवण्याचा तास होऊन बसतो.

बुकित तिमाहमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना हा फरक घरातच दिसतो. ह्वा चाँग आणि नॅशनल ज्युनिअर कॉलेज ही दोन नावाजलेली विद्यालये याच भागात आहेत. तिथे सतरा वर्षांच्या मुलांना ‘प्रोजेक्ट वर्क’ हा विषय सक्तीचा असतो. आपल्या अकरावीच्या वयाची ही मुले. चारपाच जणांचा गट, अडीच-तीन हजार शब्दांचा लेखी अहवाल आणि शेवटी परीक्षकांसमोर तोंडी मांडणी, असे त्याचे स्वरूप वर्षानुवर्षे राहिले. २०२४पासून त्यात फक्त पास की नापास एवढेच बघतात. गुणांच्या शर्यतीतून विषय बाहेर काढला, सक्ती मात्र ठेवली. आपल्याकडे नेमके उलटे झाले असते. गुण राहिले असते आणि लिहिणे गेले असते.

पुढे अभियांत्रिकीला गेल्यावरही हा धागा तुटत नाही. एनयूएसमध्ये अभियंत्यांसाठी ‘क्रिटिकल थिंकिंग अँड रायटिंग’ हा विषय अनेक वर्षे शिकवला गेला. नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठात ‘इंजिनिअरिंग कम्युनिकेशन’ हा विषय भाषाशिक्षक शिकवतात. एनयूएसच्या यंत्र शाखेत शेवटच्या वर्षाच्या कामाला थेट ‘डिझर्टेशन’ म्हणतात आणि ते दोन सत्रे चालते. क्लेमेंटी रोडवरच्या सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ सोशल सायन्सेसमध्ये दिवसा नोकरी करून संध्याकाळी पदवी घेणारे अभियंते असतात. त्यांनाही कॅपस्टोन प्रोजेक्टसाठी आधी प्रस्ताव लिहावा लागतो.

सिंगापूर म्हणजे स्वर्ग, असा याचा अर्थ नाही. २०२५मध्ये नानयांगमध्ये तीन विद्यार्थ्यांना एका निबंधात एआय वापरल्याच्या ठपक्यावरून शून्य गुण मिळाले आणि त्या वादाने तिथली वर्तमानपत्रे गाजवली. नुसता नियम करून प्रश्न मिटत नाही, हे तिथेही दिसले.

मग करायचे काय? एक उदाहरण जरा जवळून पाहू. ‘आयओटी बेस्ड स्मार्ट फ्लड मॉनिटरिंग सिस्टीम’ या नावाचे प्रोजेक्ट आपल्याकडे दरवर्षी होतात. बहुतेकांत एक अल्ट्रासोनिक सेन्सर बादलीवर टांगलेला असतो. पाणी वाढले की मोबाइलवर मेसेज येतो, टाळ्या पडतात. पण यात प्रश्न कुठला? २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, टांगेवाले कॉलनीत भिंत पडली, शहर-जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. त्या ओढ्याकाठी उभे राहिले की प्रश्न आपोआप सुचतात. पाणी धोक्याच्या पातळीला टेकल्यापासून घरात शिरेपर्यंत किती मिनिटे मिळतात? आणि हा स्वस्त सेन्सर त्या मिनिटांवर भरवसा ठेवण्याइतका अचूक आहे का?

दुसरा प्रश्न दोन सत्रांत मावण्यासारखा आहे. एचसी-एसआर०४ या सेन्सरच्या डेटाशीटवर अचूकता ३ मिलिमीटर छापलेली असते. हा सेन्सर आवाज जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजतो. २० अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ३० अंशांना ३४९. तापमानाचा हिशेब धरला नाही, तर तीन मीटर अंतरावर जवळपास पाच सेंटिमीटरची चूक होते. छापील दाव्याच्या सुमारे सतरापट. वर धो धो पाऊस, खाली उसळणारे पाणी. आता विद्यार्थ्याने लिहायचे ते एवढेच. काय मोजणार, किती वेळा, कोणत्या तापमानात, कशाशी ताडून बघणार, कोणता आकडा आला तर आपला अंदाज चुकला असे मानणार आणि कोणत्या आठवड्यापर्यंत काय झालेले असेल. ही दोन पाने ऑगस्टमध्ये लिहून झाली तर मार्चमध्ये रिपोर्ट लिहायला काही उरलेले असते. सेन्सर निकामी ठरला तरी प्रबंध उभा राहतो, कारण ‘चालत नाही, आणि किती चालत नाही ते हे’ हेसुद्धा उत्तरच आहे. आपल्याकडे मात्र मॉडेल चालले नाही की आकडे रंगवले जातात.

बुकित तिमाहलाही पुराचा इतिहास आहे. तिथल्या कालव्याचे पाणी वळवणारा पहिला फाटा १९७२मध्ये पूर्ण झाला, दुसरा १९९०मध्ये, आणि तरी एप्रिल २०२१च्या एका पावसात कालव्याचे पाणी रस्त्यावर आले. तिथली जलसंस्था पीयूबी कालव्यांतल्या पातळीचे सेन्सर आणि कॅमेरे लोकांना बघायला खुले ठेवते. पुण्याचा विद्यार्थी त्या कालव्याची आपल्या ओढ्याशी तुलना करू शकेल. त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही, प्रश्न लागतो.

उचलेगिरीबद्दलही बोलायला हवे. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, साठच्या वर गेले तर नोंदणी रद्द. हेतू चांगला, पण मुलांनी त्यातून एकच कला आत्मसात केली. शब्द फिरवून टक्केवारी खाली आणायची. मजकूर दुसऱ्याचा, कल्पना दुसऱ्याची आणि साम्य तपासणारे सॉफ्टवेअर मात्र हिरवे. दुसरीकडे फी भरून चार दिवसांत पेपर छापणारी नियतकालिके आणि फाइलला लावलेले त्यांचे प्रमाणपत्र. या दुकानदारीवर बोट ठेवण्याचे काम आपल्याच विद्यापीठातल्या अभ्यासकांनी केले होते, हे सांगायला आनंद वाटतो. २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी दाखवून दिले, की यूजीसीच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या ज्या नियतकालिकांची तपासणी झाली, त्यांतली बहुसंख्य निकषांना उतरत नाहीत. पुढे यूजीसी-केअर यादीचे कामही पुण्यातून चालले. ती यादी २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाली. ज्या विद्यापीठाने देशाला हे दाखवले, त्याच्याच बी.ई.च्या मुलाने पैसे भरून पेपर छापावा, हे शोभत नाही.

तेव्हा मागणी अशी. प्रोजेक्टचा पहिला टप्पा खऱ्या अर्थाने प्रश्न आणि आराखड्याचा करावा, आणि तो नापास करता यावा. आज सिनॉप्सिस नाकारला जाणे ही दुर्मीळ घटना आहे, कारण नाकारला तर गाईडचेच काम वाढते. एका गाईडकडे किती ग्रुप, याला मर्यादा घालावी आणि ती पाळली जाते का हे तपासावे. तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारला भाषेचा शिक्षक आणि शाखेचा शिक्षक, दोघे मिळून असावेत. एकाला वाक्य कळते, दुसऱ्याला बीम. एकट्याने ते होत नाही. चांगले आणि फसलेले, दोन्ही प्रकारचे रिपोर्ट जयकर ग्रंथालयामार्फत सर्वांना वाचायला खुले करावेत. सिनियरची फाइल गुपचूप फिरण्यापेक्षा ती उजेडात असलेली बरी, मग नक्कल करणाऱ्यालाच अवघड होते.

आणखी एक. २०२१पासून पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवली जाऊ लागली. या मुलांचे प्रबंध हा आपल्या भाषेतल्या तांत्रिक लेखनाचा पहिला मोठा साठा ठरू शकतो. त्यांच्यासाठी मराठीतून प्रबंध-लेखनाची छोटी मार्गदर्शिका आपल्या विद्यापीठाने काढावी. महाराष्ट्रातली बाकीची विद्यापीठे ती तशीच उचलतील. अशा उचलेगिरीला कुणाची हरकत नसेल.

पुढच्या जुलैत टायटलचा फॉर्म वाटण्याआधी अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत एवढा विषय घ्यावा, ही विनंती. फॉर्मवर ‘प्रकल्पाचे नाव’ या रकान्याच्या वर ‘प्रकल्पाचा प्रश्न’ हा एक रकाना वाढवला, तरी सुरुवात होईल. त्याला वेगळा निधी लागत नाही.

कळावे.

आपला,
बुकित तिमाह येथील एक मराठी वाचक