माल पिवळा मारतो

जानेवारीतली संध्याकाळ, साडेपाचचा सुमार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खरेदीच्या आवारात आमचा कापसाचा पिकअप रांगेत उभा होता. व्यापाऱ्याचा माणूस निळ्या ताडपत्रीच्या सावलीत बसलेला. त्यानं गाडीतून एक मूठ उपसली, बोटांनी पिंजली, सावलीतूनच हात बाहेर काढून तिरप्या उन्हात धरली आणि म्हणाला, "काका, माल पिवळा मारते." बाबा म्हणाले, "घरून निघाला तवा तं पांढराच होता, साहेब." क्विंटलमागे दोनशे रुपये उतरले. माल अठरा क्विंटल. एका वाक्याचे ३,६०० रुपये.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. प्रकाशाचं अख्खं प्रकरण मला पाठ आहे, आणि त्या संध्याकाळी मी गाडीजवळ गप्प उभी होते. तो माणूस खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला पिवळंच दिसलं असणार. माझं भांडण नेमकं तिथंच आहे.

कापूस मुळात पांढरा नसतोच. त्यात पांढरा रंग नावाची वस्तू नाही. एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, पीळ पडलेली काचेची फीत दिसेल. सेल्युलोज जवळपास पारदर्शक असतं. पण मुठीत असे हजारो तंतू आणि त्यांच्यामध्ये हवा. हवेतून तंतूत, तंतूतून हवेत जाताना उजेड दर वेळी थोडा वाकतो, थोडा परततो, आणि शेवटी सगळे रंग सारखेच विखरून बाहेर येतात. त्यालाच आपण पांढरं म्हणतो. मिठाचं आणि साखरेचंही तेच. खात्री हवी तर देवापुढची वात बघा. कोरडी असते तोवर शुभ्र, तेलात बुडवली की काचेसारखी. तेलाचा अपवर्तनांक सेल्युलोजच्या जवळचा, त्यामुळे उजेडाला वाकायला कारणच उरत नाही. आमच्या आज्या रोज संध्याकाळी हा प्रयोग करायच्या, आणि आम्ही मात्र पोरांना पेल्यातली वाकडी पेन्सिल दाखवतो. ज्या जिल्ह्यात निम्म्या पोरांच्या घरी खोलीभर कापूस रचलेला असतो, तिथं प्रकाशाच्या धड्यात कापूस नाही!

तर पांढरेपणा ही वस्तूची आणि उजेडाची भागीदारी आहे. दव पडलेला कापूस थोडा गडद दिसतो, कारण हवेच्या जागी पाणी आलेलं असतं. मूठ सैल धरली तर उजेड आत शिरून सावल्या पडतात, दाबून धरली तर उजळ दिसते. पाल्याचा चुरा असला की मळकी. आणि मावळतीचं ऊन स्वतःच पिवळं असतं. हवेच्या लांबच्या वाटेत त्यातला निळा भाग विखरून गेलेला असतो. त्यात तो माणूस तासन्‌तास निळ्या सावलीत बसलेला. डोळा निळ्याला सरावला, की उन्हातली कोणतीही पांढरी वस्तू त्याला पिवळी वाटणार. बाबांच्या डोक्यावरची टोपी तिथं धरली असती तर तीही पिवळी मारली असती.

खरोखरचा पिवळा कापूस असतो, हे मी कशाला नाकारू? बोंडअळीनं खाल्लेली कवडी, पावसात भिजून काळवंडलेला वेचा, फरदडीचा माल: हे सूतगिरणीत त्रास देतात आणि त्यांना भाव कमी मिळावा हे रास्तच. पण मग मोजा. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत डोरोथी निकरसन आणि रिचर्ड हंटर यांच्या कामातून कापसाचा रंगमापक तयार झाला. काचेवर ठरावीक दाबानं नमुना दाबायचा, ४५ अंशांतून उजेड टाकायचा, समोरून परतलेला मोजायचा. दोन आकडे येतात: आरडी म्हणजे किती उजेड परतला, प्लस बी म्हणजे त्यात पिवळेपणा किती. आजच्या एचव्हीआय यंत्रांतही हेच दोन आकडे. आपल्याकडे माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा १९२४ पासून आहे. म्हणजे ज्ञान शंभर वर्षांपासून मुंबईत आहे. आमच्या आवारात पोचलेली आहे ती ताडपत्री.

यावर उत्तर ठरलेलं: "यंत्र रुईला लागतं, सरकीसकट कापसाला नाही. आणि ते महाग." दोन्ही खरं. पण मी यंत्र मागतच नाही. यंत्राआधीसुद्धा कापूस पारखणारे उत्तरेकडून उजेड येणाऱ्या खोलीत बसत, कारण उत्तरेचं आकाश दिवसभर त्यातल्या त्यात कमी बदलतं. अमेरिकेत १९२३ च्या कायद्यानं प्रतवारीचे मानक ठरले, आणि प्रत्यक्ष कापसाचे नमुने पेटीत ठेवून शेजारी माल धरायची पद्धत तिथं रुळली. एक उत्तरमुखी शेड, एक पेटी आणि दुपारी चारनंतर रंगावरून कपात नाही असा नियम. यात महाग काय आहे?

दुसरं उत्तर "तीस वर्षांची नजर" हे. नजरेचा मला आदर आहे. पण डोळ्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो उजेडाशी जुळवून घेतो, आणि जो साक्षीदार परिस्थितीशी इतकं जुळवून घेतो त्याच्या शब्दावर पैसे कापू नयेत. शिवाय ही नजर चुकते तेव्हा नेहमी एकाच बाजूला चुकते. "काका, माल जरा जास्तच पांढरा आहे, शंभर वाढवतो," असं मी आजवर ऐकलेलं नाही.

ओलाव्याचं बघा. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांच्या वर कपात, १२ च्या वर नकार. कास्तकार त्यावर चिडतो, पण मीटरवर आकडा दिसतो, पुन्हा लावा म्हणता येतं. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये आहे, तो धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअरवर ठरतो. खुल्या बाजारात रंगावर भाव पाडतात, तिथं पुन्हा लावायला काहीच नसतं. पिवळा म्हटलं की पिवळा.

शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हा वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलला 'ऊमरा' नावानं ओळखला जाई, उमरावतीवरून. त्याची प्रतही तिकडचीच माणसं ठरवत. आता माणसं आपली आहेत. मूठ तशीच धरतात.

यंदा मी बाबांना म्हटलं, सकाळी अकराला गाडी लावू, आणि त्याला म्हणू की सावलीतून बाहेर ये, सूर्याकडे पाठ कर आणि कोऱ्या पांढऱ्या कागदाशेजारी मूठ धर. बाबा सुपारी कातरत म्हणाले, "असं म्हटलं तं पुढच्या खेपेला गाडी आतच घेत नाही तो. मंग तुवा कागद काय करशीन?"