थीम पार्कची नोकरी आणि आपली मुलं

बारावीचा निकाल लागला की आमच्या उर्दू शाळेत दोनच नोकऱ्यांची चर्चा होते, एक सरकारी आणि दुसरी आखाती देशातली. पहिली मिळत नाही. दुसरीसाठी मामा किंवा चाचा तिकडे असावा लागतो. मधल्या काळात मुलं घरी बसतात. त्यांना थीम पार्कचा पर्याय सुचवला की पालकांचा चेहरा पडतो. एका विद्यार्थिनीच्या अम्मीने मला सरळ विचारलं, "सर, लडकी को मेले में काम पे भेजूं क्या?"

तो मेळा नाही, हे आधी समजून घेऊ. गोराईला 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं, 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. अशा जागी पाळणे चालवणारे लागतात, तसेच तिकीट खिडकीवरचे, स्वयंपाकघरातले, पाण्याजवळचे जीवरक्षक, हिशेबनीस, आयटीआय झालेले फिटर आणि इलेक्ट्रिशियनही लागतात. उन्हाळी सुट्टी, दिवाळी आणि नाताळ हा गर्दीचा काळ. त्याच्या आधी दीड-दोन महिने अर्ज करावा. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघावं, नाहीतर गेटवर जाऊन थेट विचारावं. 'रजिस्ट्रेशन फी' मागणाऱ्याला मात्र दारातूनच सलाम करावा.

आता मुलाखत. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो, त्यामुळे आमची मुलं कुठे अडखळतात ते रोज पाहतो. तिथे गुणपत्रिका फार वेळ कोणी बघत नाही. प्रसंग दिला जातो. पाळण्यासाठी ठरवलेल्या उंचीपेक्षा मूल दोन बोटं कमी आहे, वडील म्हणतात, "पैसे भरलेत, बसवा." तुम्ही काय कराल? आमच्या मुलाला उत्तर माहीत असतं. बसवायचं नाही, कारण सुरक्षेचा दांडा लहान अंगावर नीट बसत नाही. पण ते मराठीत, अदबीने आणि ठामपणे सांगताना त्याची जीभ जड होते. ज्या जबानीच्या तहजीबचा आपण अभिमान बाळगतो, ती मराठीत उतरवायला आपण त्याला शिकवलेलं नसतं. "काका, तुमचा राग समजतो, पण याला मी बसवू शकत नाही. शेजारचा पाळणा त्याच्यासाठी चालेल." एवढी दोन वाक्यं बोलता आली तर निम्मी मुलाखत पार पडते. व्याकरणाच्या तासातली दहा मिनिटं यासाठी काढायला काय हरकत आहे?

दुसरा मुद्दा थोडा कडू आहे. एका ठिकाणी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं गेलं, "तुमच्यात मुलींना काम करू देतात का?" ती म्हणाली, "अर्ज मी भरलाय, सहीपण माझीच आहे." मला तिचा अभिमान वाटला, पण असं उत्तर तयार ठेवावं लागतं याचं वाईटही वाटलं. संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीत समान संधीची हमी देतं. खासगी कंपनीला ते थेट लागू होत नाही. म्हणून तिथे कंपनीची नीयत आणि आपली तयारी, दोन्ही महत्त्वाच्या ठरतात. फिरत्या यंत्राजवळ लोंबती ओढणी नको, हा नियम रास्त आहे आणि तो सर्वांना सारखा असावा. पण तिकीट खिडकीवर घट्ट बांधलेला स्कार्फ कुणाच्या सुरक्षेच्या आड येतो? कंपन्यांनी गणवेशाचे नियम जाहिरातीतच लिहावेत. मुलीला खुर्चीत बसवून मग सांगू नये.

आणि आपल्या मुलांनीही विचारायला शिकावं. नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची? पीएफ आणि ईएसआय कापणार का? वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफचा कायदा लागू होतो, ठेकेदाराचे कामगारही त्यात येतात. रात्री सुटल्यावर मुलींसाठी गाडी आहे का? जुम्म्याच्या नमाजला जेवणाची सुट्टी जुळवून घेता येईल का? हे प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. कामाची अट आधी ठरवून घेण्याची शिकवण आपल्या दीनमध्येही आहेच.

ही नोकरी आयुष्यभराची आहे असं मी म्हणत नाही. बरंच काम हंगामी असतं, पायांवर उभं राहून करायचं असतं, आणि ईदच्या दिवशी सुट्टी मिळेलच असं नाही. पण उर्दू शाळेतून निघालेल्या मुलाला रोज शेकडो अनोळखी माणसांशी मराठीत बोलायला लावणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. आणि सुट्टीला आलेल्या त्या माणसांनाही आपला एखादा इरफान किंवा सना त्यांच्या मुलाचा पट्टा नीट तपासताना दिसेल. भाषणांनी जे होत नाही, ते कदाचित यातून थोडंफार होईल.

त्या अम्मीला मी म्हटलं, "भेजो. पण आधी तुम्ही स्वतः जाऊन जागा बघून या." आपल्या घरात असं मूल असेल तर तुम्हीही तेच करा, आणि अर्ज भरताना त्याच्या शेजारी बसा.