वजनाचे इंजेक्शन : खरेदी नव्हे, भाडे

सकाळी दहाला गल्ल्यावर बसायचे ते रात्री दहाला उठायचे, हा आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांचा दिनक्रम. जरीकाम किंवा शिलाई करणारा कारागीरही दिवसभर जागेवरून हलत नाही. पोट सुटले तर ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून आपण हसतो. परंतु आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 39.5 टक्के प्रौढांच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी आढळली, तर 11.4 टक्के लोकांना मधुमेह. मालक आजारी पडला की लहान दुकानाचे शटर खाली येते. तेव्हा हा प्रश्न धंद्याचाही आहे.

आता यावर आठवड्यातून एकदा घेण्याची इंजेक्शने आली आहेत. ती भूक कमी करतात, पोट लवकर भरल्यासारखे वाटते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सेमाग्लुटाईड घेणाऱ्यांचे वजन 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के घटले; नुसते पाणी टोचलेल्यांचे 2.4 टक्के. टिर्झेपटाईडच्या मोठ्या मात्रेने 2022 मध्ये ही घट 20 टक्क्यांच्या पुढे गेली. 2023 च्या आणखी एका अभ्यासात हृदयविकार असलेल्या 17,604 लठ्ठ व जादा वजनाच्या लोकांमध्ये सेमाग्लुटाईडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण 20 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ही केवळ दिसण्याची गोष्ट राहिलेली नाही.

हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे. इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, असेही संशोधकांनी नोंदवले आहे. मशीन एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालते. हे तसे नाही. हे दुकानाचे भाडे आहे, थांबवले की जागा खाली. टिर्झेपटाईड मार्च 2025 मध्ये भारतात आले तेव्हा 5 मिलिग्रॅमची एक कुपी 4,375 रुपयांना होती, म्हणजे महिना सुमारे 17,500! छोट्या कारागिराच्या घरात एवढे कोठून येणार? सेमाग्लुटाईडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची. मक्तेदारी संपली की भावाचे काय होते, हे व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

माझ्या मते साखर किंवा हृदयाचा विकार जडलेल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने हा खर्च जरूर करावा. त्यात लाज कसली? घरच्या लग्नात शेरवानी बसावी म्हणून दोन महिने टोचून घेणे मात्र पैसे पाण्यात घालणे होय. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास वेगळेच.

स्वस्त मार्गही आहे. ब्रिटनमध्ये मधुमेहींना काही महिने रोज सुमारे 850 कॅलरींच्याच आहारावर ठेवले. वर्षाअखेर 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता; दोन वर्षांनी हे प्रमाण 36 टक्क्यांवर आले. अर्थात हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे, कारण साखरेच्या गोळ्या त्यात थांबवाव्या लागतात.

आणखी एक. बनावट सेमाग्लुटाईडबाबत जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये इशारा दिला होता. न उघडलेले औषध 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. पिशवीतून, बिलाविना, अर्ध्या भावात कोणी आणून दिले तर घेऊ नका. कपड्याचा तागा आपण पारखून घेतोच ना?