डोळा वाचविणारे शिक्षण
सुरतेनजीकच्या कामरेज परिसरात ऊसतोडणीच्या दिवसांत पाते लागून एखाद्या मजुराचा डोळा लाल होतो. ‘डोळे आले’ असे समजून स्टेरॉइडचे थेंब घातले, तर बुबुळावरील बुरशीजन्य व्रण चिघळून दृष्टी कायमची जाऊ शकते. हा भेद प्रथम ओळखावयाचा असतो तो गावच्या साध्या डॉक्टराने. आणि नुसती व्याख्याने ऐकून ते साधत नाही. अमेरिकेत लॅरी मायकेलसन यांनी रूढ केलेल्या गटाध्ययन पद्धतीत विद्यार्थी आधी वाचून येतो, प्रश्न प्रथम एकट्याने, मग ५ ते ७ जणांच्या गटात सोडवितो आणि रुग्णाविषयीच्या निर्णयाचे समर्थन करतो. १८४२ पासूनची वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या गोव्यानेही नेत्रशिक्षणात हा मार्ग निष्ठेने अनुसरावा. वर्गात उघडी पडलेली चूक सुधारता येते. दवाखान्यातील चुकीची किंमत रुग्णच मोजतो.