तार लावण्याआधी

बोईसरमधल्या एका दातांच्या दवाखान्यात परवा बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते. एमआयडीसीतली पहिली पाळी सुटल्यावर घरीही न जाता सातवीतल्या मुलाला घेऊन आलेले. मुलाचा वरचा सुळा हिरडीत उंचावर, शेजारच्या दाताच्या खांद्यावर चढल्यासारखा उगवला होता. "दुसरीत असताना याची दाढ किडली होती. दुधाचीच होती, म्हणून काढून टाकली," ते म्हणाले.

दुधाचे दात काय, पडायचेच आहेत, हे वाक्य सफाळ्यापासून डहाणूपर्यंत घरोघरी ऐकू येतं. पण दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून बसलेली असते. ती आधीच गेली की मागची दाढ पुढे सरकते, जागा बुजते, आणि उशिरा येणारा सुळा वाट मिळेल तिथून डोकं काढतो. त्या वेळी दाढ भरून वाचवता आली असती, किंवा काढल्यावर जागा राखणारी छोटी कडी बसवता आली असती. तारेपेक्षा खूपच कमी खर्चात.

आणखी एक चूक सर्रास होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती पक्की असते, पण पालक तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी थांबतात.

तारेसाठी मुलाला पहिल्यांदा कधी दाखवावं? सातव्या वर्षी. तेव्हा तार बसवायचीच असं नाही. बहुतेकांना ती पक्के दात आल्यावर, अकरा ते तेरा या वयात लागते. पण वरचे पुढचे दात खालच्यांच्या मागे मिटत असतील (उलटा चावा), खालचा जबडा मागे राहिला असेल, चार वर्षांनंतरही अंगठा सुटत नसेल, मूल झोपेत तोंडाने श्वास घेत असेल, तर वेळेवर तपासणी हवी. जबड्याच्या वाढीला वळण देता येतं ते वाढ चालू असेपर्यंतच.

मोठ्यांना हमखास वाटतं की आता वय गेलं. दात हलायला वयाची आडकाठी नाही. तारेचा हलका दाब ज्या बाजूला पडतो तिथलं हाड विरतं, मागच्या बाजूला नवं भरतं, आणि दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. म्हणून उपचाराला साधारण दीड-दोन वर्षं लागतात, आणि घाईने ताण वाढवला तर मुळांना इजा होते. अट आहे ती हिरड्यांची. मिश्री, तंबाखू, वर्षानुवर्षं साचलेलं किटण यांनी हाड झिजलं असेल तर आधी त्यावर उपचार. जबड्यातच मोठा फरक असेल तर मोठेपणी शस्त्रक्रियेची जोड लागते.

तार असताना चिकू, ताडगोळे खुशाल खावेत. चिक्की, ऊस आणि दाताने फोडायची चिंबोरीची नांगी मात्र टाळावी. ब्रश प्रत्येक जेवणानंतर. नाहीतर तार निघते तेव्हा दात सरळ आणि त्यांवर पांढरे डाग, असं होतं. तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर वापरला नाही तर दात परत जुन्या जागेकडे वळतात.

तार बसवणाऱ्यांनी ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलंय का, हे विचारायला संकोच नको. रिटेनरसह एकूण खर्च लिहून घ्यावा. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय इथे खर्च बराच कमी येतो, पण बोईसरहून दर महिन्याची खेप म्हणजे एक खाडा आणि मुलाची बुडालेली शाळा. हातावर पोट असलेल्यांचे उपचार पैशापेक्षा या खेपांपायी अर्धवट सुटतात. आणि अर्धवट सुटलेली तार न लावलेल्या तारेपेक्षा वाईट.

म्हणूनच दोष लवकर, शाळेतच सापडायला हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच झाली. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमाच्या यादीत दातांची कीड आहे, दुभंगलेला ओठ आणि टाळूही आहे. टाळू शिवून घेतलेल्या मुलांना पुढे दातांच्या तारेचीही गरज पडते, हे त्यांच्या घरच्यांना शस्त्रक्रियेच्या वेळीच सांगायला हवं. आमची मागणी साधी आहे. शाळेत कीड पाहायला मुलाचं तोंड उघडलंच जातं. त्याच वेळी अकाली गेलेली दाढ आणि उलटा चावाही पाहावा, आणि पालकांच्या हाती चिठ्ठी द्यावी. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तर तेवढीच एक तपासणी पोहोचते.

त्या दिवशी मुलाचं नाव पुकारलं गेलं. उठता उठता वडिलांनी विचारलं, "धाकटी पहिलीत आहे. तिचीही एक दाढ दुखते म्हणते. उद्याच आणू का?"