पंपाचा स्क्रू राहू द्या जिथल्या तिथे

जुन्या टर्बो डिझेल गाडीला घरच्या घरी इंटरकूलर बसवावा का, हा प्रश्न उन्हाळा तापला की जबलपूरच्या कांचघरमधल्या गॅरेजांमध्ये हटकून निघतो. माझं उत्तर असं : जरूर बसवा, पण गाडी पळवायला नव्हे, इंजिनाचा ताप उतरवायला. आणि बसवून झाल्यावर डिझेल पंपाच्या स्क्रूला हात लावू नका.

आपल्याकडचा माणूस असलं काम अंगावर घेतो याचं नवल नाही. इथली व्हेईकल फॅक्टरी १९६९ साली उभी राहिली. तिथे शक्तिमान आणि जोंगा बनल्या, पुढे स्टॅलियन आणि एलपीटीए ट्रक बनले. लष्कराच्या लिलावात सुटलेल्या जोंगांचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवणारे हात या शहरात तयार झाले. कौशल्याची इथे वाण नाही. वाण आहे ती मोजण्याच्या सवयीची.

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याचं बूड हाताला चटका देतं, तेच टर्बोत घडतं. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना टर्बोने ०.७ बार दाब चढवला, तर हवा साधारण १२० अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी मावतो. इंटरकूलरने ती ६५ अंशांपर्यंत आणली, तर वाटेत दाब थोडा घटूनही सिलिंडरमध्ये सुमारे दहा टक्के जास्त हवा जाते.

जुन्या यांत्रिक पंपाला या जादा हवेचा पत्ताच नसतो. तो पूर्वीइतकंच डिझेल देतो. त्यामुळे ताकद थोडीशीच वाढते. खरा लाभ असा की डिझेल नीट जळतं, चढावरचा काळा धूर कमी होतो, एक्झॉस्टचं तापमान उतरतं आणि पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बो यांचं आयुष्य वाढतं. पण हा लाभ ड्रायव्हरच्या पायाला जाणवत नाही. पहिल्या चकरेनंतर मालक म्हणतो, ‘काही फरक पडला नाही,’ आणि मिस्त्री पाना घेऊन पंपाकडे वळतो. स्क्रू फिरला की गाडी झेपावते, मालक खूश होतो. मात्र जेवढी उष्णता वाचवली, तेवढी किंवा त्याहून जास्त परत आत येते. पुढच्या उन्हाळ्यात हेड गॅस्केट जातं, तेव्हा दोष इंटरकूलरच्या माथी बसतो.

या अपेक्षेमागे एक चुकीची तुलना आहे. २०१० साली आलेल्या थारमध्ये दोन इंजिनं होती. डीआय होतं २,५२३ सीसीचं, टर्बो असलेलं पण इंटरकूलर नसलेलं, ६३ अश्वशक्तीचं. सीआरडीई २,४९८ सीसीचं, इंटरकूलरसह १०५ अश्वशक्तीचं. आकडे पाहून वाटतं, मधली बेचाळीस अश्वशक्ती इंटरकूलरने दिली. पण ते इंजिनच वेगळं. त्याला कॉमन रेलचं इंजेक्शन आहे, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे. डीआयपुढे भंगारातला कूलर टांगून तिची सीआरडीई होत नाही.

आता हातच्या कामाबद्दल. जुना इंटरकूलर घेताना तो ज्या गाडीचा होता तिचा टर्बो फुटला होता का, हे विचारा. फुटला असेल तर आत ऑइल आणि धातूचे कण अडकलेले असतात. कूलर रॉकेलने किंवा डिझेलने धुतला, तर पुरता वाळल्याशिवाय बसवू नका. आत थोडंही राहिलं, तर इंजिन ते हवेबरोबर ओढून घेतं आणि चावी बंद केली तरी वेडंपिसं पळत सुटतं. वेल्डिंग केलेले पाइप आतून घासा. त्यांच्या टोकांना उंचवटा काढा, नाहीतर क्लिप कितीही आवळा, भर चढावर होज निसटणारच. इंजिन हलतं, चासी हलत नाही. म्हणून दोघांमधला जोड लवचीक हवा. शेवटी दोन्ही तोंडं बंद करून एक बार हवा भरा आणि साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे दिसले तर काम अपुरं आहे.

रेडिएटरच्या पुढ्यात कूलर लावला की रेडिएटरला गरम झालेली हवा मिळते. आपल्या उन्हात हे महागात पडतं. म्हणून मोजमाप आधी करा, काम नंतर. मॅनिफोल्डमध्ये आणि एक्झॉस्टमध्ये एकेक थर्मोकपल लावा. तेवढंच वजन घेऊन सारख्याच हवामानात कुरईचा घाट आधी आणि नंतर चढा. कूलंटचा काटाही पाहा.

कायद्याकडेही काणाडोळा नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. बॉनेट कापण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारून घ्या.

रांझीच्या वाटेवर गोकलपूरला १९४७ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याने महिन्यातला एक दिवस शुल्क घेऊन अशा गाड्यांसाठी ठेवावा : तापमान, दाब, धूर मोजून मालकाच्या हाती लेखी आकडे द्यावेत. विद्यार्थ्यांना खऱ्या गाड्या मिळतील, मिस्त्रींना आपलं काम तपासून मिळेल, आणि पंपाचा स्क्रू फिरवण्याआधी मालकासमोर अंदाजाऐवजी पुरावा असेल. फॅक्टरीत घडलेल्या हातांच्या या शहराने एवढी मागणी करायलाच हवी.