सरासऱ्यांतला फरक खरा केव्हां मानावा?

तीन खतें तीन ठिकाणीं घातलीं, पीक मोजलें आणि ज्याची सरासरी अधिक तें खत उत्तम, असा निवाडा आपण सहज करून टाकतों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची वडिलोपार्जित जमीन अद्याप गांवीं आहे, आणि ती कसणारा मनुष्य दरसाल खतासाठीं पैसे मागतो तो याच निवाड्याच्या भरंवशावर. निवाडा चुकला तर पैसा जातो आणि हंगामही जातो. म्हणून अशा तुलनेची शास्त्रशुद्ध रीत या महिन्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय गणिताचा खरा. परंतु बेरीज, वजाबाकी, वर्ग आणि भागाकार यांपलीकडे त्यांत कांहीं नाहीं.

अडचण अशी कीं, एकच खत घातलेले चार वाफेही सारखें पीक कधीं देत नाहींत. एकाची माती खोल असते, दुसऱ्यास पाट जवळ असतो, तिसऱ्यावर बांधावरच्या झाडाची सावली पडते. मग खताखतांत दिसणारा फरक खताचा समजावा, कीं या चढउताराचा?

इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें गव्हाच्या एका शेतावर १८४३ पासून निरनिराळ्या खतांचे प्रयोग चालू आहेत. तेथें सांचलेल्या नोंदींचा अर्थ लावण्यासाठीं १९१९ सालीं रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाची नेमणूक झाली. १९२३ सालीं मॅकेन्झी यांच्यासह बटाट्याच्या १२ जातींविषयीं लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं आपली नवी रीत वापरली, आणि १९२५ सालच्या त्यांच्या ग्रंथानें ती जगभर पसरविली. तिला आपल्याकडे ‘प्रचरणाचें विश्लेषण’ म्हणतात. नांव जड आहे; कल्पना तशी नाहीं.

उदाहरण घेऊं, आंकडे अर्थात् कल्पित आहेत. पहिल्या खताच्या चार वाफ्यांत १७, १९, २१ व २३ किलो धान्य आलें. दुसऱ्याच्या २०, २२, २४ व २६. तिसऱ्याच्या २३, २५, २७ व २९. सरासऱ्या २०, २३ आणि २६; बाराही वाफ्यांची मिळून २३. आतां प्रत्येक खताची सरासरी या २३ पासून किती दूर आहे तें पाहावें: ३, ० व ३. त्यांचे वर्ग ९, ० व ९; प्रत्येकास चार वाफे, म्हणून एकूण ७२. ही गटागटांमधील तफावत. नंतर प्रत्येक वाफा आपल्याच गटाच्या सरासरीपासून किती ढळला तें पाहावें: ३, १, १, ३, वर्गांची बेरीज २०, तिन्ही गटांची ६०. ही गटाच्या पोटांतील तफावत.

गट तीन, म्हणून ७२ ला एक कमी करून दोनांनीं भागावें, ३६ येतात. वाफे बारा, त्यांतून गटांचे तीन वजा करून ६० ला नवांनीं भागावें, सुमारे ६.६७ येतात. ३६ मध्यें ही संख्या ५.४ वेळां जाते. या गुणोत्तरास अमेरिकेंतील स्नेडेकर यांनीं १९३४ सालीं फिशर यांच्या नांवाचें आद्याक्षर देऊन ‘एफ्’ म्हटलें. तिन्ही खतें सारखींच असतीं तर हें गुणोत्तर एकाच्या आसपास घोटाळलें असतें. निव्वळ योगायोगानें तें ४.२६ च्या वर शंभरांत पांच वेळांच जातें. आपलें ५.४ त्याहून मोठें आहे, तेव्हां फरक खरा मानण्यास आधार मिळाला. मात्र शंभरांत एकाची कडक कसोटी लावली तर ८.०२ लागतात, आणि तेथें आपला आंकडा उणा पडतो. ही गोष्ट झांकून ठेवूं नये.

आतां शेजारच्या गांवचें शेत घ्या. सरासऱ्या त्याच: २०, २३, २६. परंतु पहिल्याचे वाफे ११, १७, २३, २९. दुसऱ्याचे १४, २०, २६, ३२. तिसऱ्याचे १७, २३, २९, ३५. पोटांतील तफावत ६० वरून ५४० वर गेली आणि गुणोत्तर अवघें ०.६ उरलें. सरासऱ्यांत तिळमात्र बदल नाहीं, पण येथें त्यांच्या जोरावर एक पैही खर्चूं नये. केवळ सरासरी सांगणाऱ्या जाहिरातींचें वैगुण्य तें हेंच.

कोणी म्हणेल, दोन दोन गट घेऊन ताडून कां पाहूं नयेत? पांच गटांच्या जोड्या दहा होतात. प्रत्येक वेळीं शंभरांत पांच चुका पत्करल्या, तर (त्या दहा तुलना परस्परांपासून स्वतंत्र धरल्यास) एखादी तरी खोटी हांक येण्याचा संभव शंभरांत ४० पर्यंत जातो. सर्व गट एकदम ताडून पाहण्याचें कारण हेंच.

तरी या रीतीच्या अटी आहेत. कोणत्या वाफ्यास कोणतें खत, हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. चांगली जमीन आवडत्या खतास दिली कीं सारें गणित व्यर्थ. गटांच्या पोटांतील पसाराही साधारण सारखा हवा. शिकवणीवर्गांच्या सरासरी गुणांची तुलना आम्हांस संशयास्पद वाटते ती यामुळेंच: मुलें वर्गावर्गांत चिठ्ठ्या टाकून गेलेलीं नसतात, निवडून घेतलेल्या हुशार मुलांची सरासरी वर्गाच्या शिकवण्याविषयीं फारसें सांगत नाहीं, गुणोत्तर कितीही मोठें येवो.

शिवाय ५.४ हा आंकडा एवढेंच सांगतो कीं तिन्ही खतें समान दिसत नाहींत. कोणतें कोणाहून सरस, हा पुढचा प्रश्न. त्यासाठीं जोड्यांच्या तुलनेची निराळी, अधिक सावध कसोटी लावावी लागते. ज्यांस खोलांत शिरावयाचें असेल त्यांनीं विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा शेतकी संशोधकांसाठीं लिहिलेला १९५४ सालचा इंग्रजी ग्रंथ अवश्य पाहावा.